९ व्होल्ट एसी पाहिजे, ट्रान्सफॉर्मर १०.८ दाखवतोय, युनिटला लावू का?

वाईकर_माळकरी

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे म्हणून सगळं एकदम लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्या भजनी मंडळाकडे एक छोटं रिव्हर्ब युनिट आहे, मावसभावाने अमेरिकेतून येताना आणून दिलेलं. त्यातून आवाज गेला की दगडी देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहून म्हटल्यासारखा घुमतो, आमचे म्हातारे गायक तर त्याच्याशिवाय माईकला हात लावत नाहीत आता. त्याचा ॲडाप्टर तिकडचाच, चांगला जड ठोकळा. गेल्या महिन्यात मंडळातल्या एका पोराने पिना बदलायचा सॉकेट लावून तो सरळ आपल्या बोर्डात घातला, दोन मिनिटांत करपल्याचा वास आला आणि बंद. पोराला काय बोलणार, तिकडची लाईट १२० व्होल्टची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ती चूक आमची.

ॲडाप्टरवर लिहिलंय इनपुट १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आउटपुट ९ व्होल्ट एसी १३०० मिलीअँपिअर. युनिटच्या मागे पण पिनेजवळ ९ व्होल्ट आणि पुढे ती नागमोडी रेघ.

इथल्या एका दुकानात गेलो तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर काढून दिला, म्हणाले सगळ्याला चालतो. त्यावर डीसी लिहिलं होतं म्हणून घेतला नाही. मग पुण्याला काम होतं तेव्हा पासोड्या विठोबाजवळून ९-०-९ चा २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. घरी मीटर लावला तर मधली काळी वायर आणि एक पिवळी यात १०.८ व्होल्ट, काळी आणि दुसरी पिवळी यात पण १०.८, आणि दोन पिवळ्यांमध्ये २१.६. बोर्डात तेव्हा २४१ होते.

आता मला कळत नाही की हा ट्रान्सफॉर्मर चुकीचा दिलाय का, ९ लिहिलंय आणि १०.८ येतंय, युनिटला लावलं तर जळेल का. आणि दोन पिवळ्या एकत्र जोडून घेतल्या तर करंट दुप्पट मिळेल असं एकाने सांगितलं, ते करू का? पुढच्या आठवड्यात अखंड हरिनाम सप्ताह बसतोय, त्याच्या आत हे लागायला पाहिजे. कुणीतरी नीट सांगा, फार उपकार होतील.

---

तांब्याची_तार

माळकरी दादा, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते जास्त धोक्याचं आहे. दोन पिवळ्या एकत्र अजिबात जोडू नका. त्या एकाच वाइंडिंगची (तारेच्या गुंडाळीची) दोन टोकं आहेत आणि काळी मधून काढलेली आहे, टोकाला टोक जोडलं की २१ व्होल्टचा सरळ शॉर्ट, ट्रान्सफॉर्मर मिनिटभरात धूर काढेल. समांतर जोडता येतात ती वेगवेगळी दोन वाइंडिंग असतात, चार वायरी बाहेर आलेल्या, आणि तिथेही सुरुवातीला सुरुवात आणि शेवटाला शेवट जुळवावा लागतो. तुमच्याकडे तीन वायरी आहेत म्हणजे तो विषयच नाही. काळी आणि एक पिवळी वापरायची, दुसऱ्या पिवळीला हीट श्रिंक स्लीव्ह चढवून बाजूला वळवून बांधून टाकायची. २ अँपिअर लिहिलंय ते एका अर्ध्याला मिळतंच, तुम्हाला १.३ पाहिजे, पुरून उरलं.

आता १०.८ चं. दुकानदाराने चुकीचा दिलेला नाही. मी वीसेक वर्षं वाइंडिंगचं काम केलंय, दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन यायचं. ट्रान्सफॉर्मरवर जो आकडा छापतात तो पूर्ण लोड असतानाचा असतो, आणि तोही प्रायमरीला (बोर्डाकडच्या वाइंडिंगला) २३० असताना. तुम्ही रिकामा मोजलात आणि लाईन २४१ होती. तुमच्याकडच्या एवढ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ३६ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) धरा, रिकामा आणि भरलेला यात १०-१५ टक्के फरक पडतोच कारण तांब्याच्या तारेला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, करंट वाहायला लागला की थोडे व्होल्ट तारेतच खर्च होतात. वरून लाईनचे ११ व्होल्ट जास्त म्हणजे आणखी पाचेक टक्के. दोन्ही धरलं की ९ चे १०.८ होतात, हिशोब बरोबर बसतो.

आणि एक सांगतो, तुमचा तो अमेरिकेचा ठोकळा तिकडे १२० वर रिकामा मोजला असता तर त्यानेही ११ च्या आसपास दाखवलं असतं. ठोकळ्यात ट्रान्सफॉर्मर लहान, तार बारीक, त्यामुळे तिथे फरक जास्तच पडतो. युनिट बनवणाऱ्याने हे धरूनच आतलं सर्किट केलेलं असतं. म्हणून रिकाम्या मीटरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, लोड लावून मोजा.

---

फास्ट_सोल्डर

एवढं कशाला, हॅलोजन लाईटसाठी १२ व्होल्टचे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर मिळतात, हलके असतात आणि आउटपुट एसीच असतं, तो लावा आणि एक रेझिस्टन्स टाकून ९ करा.

---

तांब्याची_तार

भाऊ, सल्ला चांगल्या मनाने दिलाय पण इथे तो चालणार नाही. त्या डबीतून येतं ते एसी खरं, पण ५० हर्ट्झचं नाही, वीस-पंचवीस हजार हर्ट्झच्या पुढचं असतं आणि त्याची उंची लाईनच्या लाटेबरोबर वरखाली होत असते. बल्बच्या तारेला काही फरक पडत नाही, ती फक्त तापते. रिव्हर्ब युनिटमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) साधे ५० हर्ट्झवाले असतात, ते एवढ्या वेगात बंद होत नाहीत आणि गरम होतात, आणि आवाजात कर्कश शिट्टी घुसते ती वेगळी. शिवाय त्या डबीला कमीत कमी लोड लागतो, नाहीतर ती चालू-बंद होत राहते, आणि साधा मीटर तिथे काहीही आकडा दाखवतो. लोखंडी पट्ट्यांचा जुना ट्रान्सफॉर्मरच इथे योग्य.

रेझिस्टन्स टाकून ९ करणंही नको, युनिट कमी करंट ओढेल तेव्हा व्होल्ट वाढतील, जास्त ओढेल तेव्हा घसरतील.

---

वाईकर_माळकरी

तुमचे खूप आभार काका (काका म्हटलं तर चालेल ना). दोन पिवळ्यांचं वेळेत कळलं, मी आज संध्याकाळी जोडणारच होतो.

लोड लावून मोजायचं म्हणजे काय लावू? आणि एक शंका, आतमध्ये शेवटी सगळं डीसीवरच चालत असेल ना, मग त्यांनी एसी का मागितलंय, दुकानदाराचा तो १२ व्होल्टचा डीसी लावला असता तर काय झालं असतं?

---

तांब्याची_तार

काकाच म्हणा.

लोडला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल. तो काळी आणि एक पिवळी यावर लावलात की पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या दोन टोकांवर मीटर धरा, मीटर एसी व्होल्टवर, डीसीवर ठेवलात तर शून्य दाखवेल आणि उगाच घाबराल. मग तसाच दुसरा बल्ब समांतर लावा, म्हणजे दीड अँपिअर, तुमच्या १३०० मिलीअँपिअरच्या थोडं वर. दोन्ही आकडे इथे टाका. आणि दहा-पंधरा मिनिटं दोन बल्ब चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा (लाईट बंद करून), कोमट झाला तर ठीक, हात ठेववत नसेल तर वरचा २ अँपिअर खोटा आहे. बाजारात असा माल येतो, वजनावरून पण कळतो.

एसी का मागितलंय: आवाजाचं सर्किट असतं ना, त्यातल्या आयसींना प्लस आणि मायनस दोन्ही बाजूचे व्होल्ट लागतात कारण आवाजाची लाट शून्याच्या वर पण जाते आणि खाली पण. एसी दोन वायरींवर आलं की एक डायोड असा आणि एक डायोड उलटा लावला की वरच्या अर्ध्या लाटेतून प्लस मिळतं आणि खालच्या अर्ध्यातून मायनस. दोन वायरींत दोन्ही सप्लाय, ठोकळा स्वस्त, ट्रान्सफॉर्मरची घरघर पण युनिटच्या बाहेर राहते. आता तिथे डीसी दिलंत तर एकच बाजू तयार होते. कदाचित डिस्प्ले पेटला असता, तुम्हाला वाटलं असतं चालू झालं, पण आवाज एकतर आलाच नसता किंवा फाटका आला असता. तुम्ही तो ॲडाप्टर घेतला नाहीत हे फार बरं केलंत. ती नागमोडी रेघ म्हणजे एसी, आणि एक सरळ रेघ खाली तुटक रेघ म्हणजे डीसी, लोक व्होल्ट बघतात आणि रेघ बघत नाहीत.

६० हर्ट्झची काळजी करू नका. ती अडचण ठोकळ्याची होती, युनिट आत डीसी करून घेतं त्यामुळे त्याला ५० चालतं.

आता माझा प्रश्न. ठोकळा जळला तेव्हा युनिट त्याला जोडलेलं होतं का?

---

वाईकर_माळकरी

हो जोडलेलं होतं. लाल दिवा नेहमीपेक्षा जास्त लकाकत होता म्हणे.

---

तांब्याची_तार

मग ती दोन मिनिटं त्याला दुपटीच्या आसपास व्होल्ट गेले असणार. ठोकळ्याच्या प्रायमरीत बहुतेक वेळा एक थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) पुरलेला असतो, तो उडाला असेल तर युनिट वाचलेलंही असू शकतं. मीटर ओहमवर ठेवून ठोकळ्याच्या दोन पिना तपासा, काहीच दाखवत नसेल तर तोच उडालाय. तो उकरून जोडायच्या फंदात पडू नका, आतलं वाइंडिंग करपलेलं असतं.

युनिट उघडता येत असेल तर चार स्क्रू काढून बघा, पिनेजवळचे उभे नळकांडे कपॅसिटर वरून फुगलेत का, आणि त्यांच्यावर किती व्होल्ट छापलेत ते वाचून सांगा. ते महत्त्वाचं आहे. ९ व्होल्ट एसी म्हणतो ती सरासरीसारखी किंमत असते, लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे १२.७. तुमच्या रिकाम्या १०.८ चं शिखर १५.३ होतं. कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो, म्हणून त्यावर १६ लिहिलंय की २५ यावर सगळं आहे.

---

मिशिगनवासी_साताऱ्याचा

विषय वाचून राहवलं नाही, माझं नेमकं उलटं झालं होतं म्हणून लिहितो. इथे अमेरिकेत घरांच्या बेलला १६ व्होल्ट एसीचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तळघरात नाहीतर पॅनेलजवळ. जुन्या घरात तो १० व्हीएचा. मी कॅमेऱ्याची बेल बसवली, तिला १६ ते २४ व्होल्ट एसी पाहिजे असं लिहिलेलं, मीटर लावला तर रिकामे १८ आले, म्हटलं झकास. पण रात्री कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागले की बेल बंद पडून परत चालू व्हायची. चालू असताना मोजलं तर १२ च्या खाली. व्होल्ट बरोबर होते पण ट्रान्सफॉर्मरमध्ये जोर नव्हता. १६ व्होल्टचाच पण ३० व्हीएचा लावला आणि दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. रिकाम्या आकड्याने मला पण फसवलं, फक्त दुसऱ्या बाजूने.

माळकरी, तुमच्या मावसभावाला सांगा पुढच्या वेळी येताना ॲडाप्टरवर १०० ते २४० लिहिलंय का बघूनच आणायचं. ते नसेल तर ठोकळा तिकडेच ठेवायचा आणि फक्त युनिट आणायचं.

---

वाईकर_माळकरी

केलं सगळं. ठोकळ्याच्या पिनांवर मीटर काहीच दाखवत नाही. युनिट उघडलं, फुगलेलं काही दिसलं नाही, दोन मोठ्या कपॅसिटरवर २५ व्होल्ट आहे आणि एक थोडा लहान त्याच्यावर १६ व्होल्ट. एका पत्र्याला तीन पायांची आयसी स्क्रूने बसवलीय, ७८०५ वाचता येतंय.

बल्ब लावून: एक बल्ब १०.४, दोन बल्ब १०.१. लाईन २४० होती. पंधरा मिनिटांनी ट्रान्सफॉर्मर कोमट. म्हणजे २ अँपिअर खरा आहे. पण काका दोन बल्बांवर पण ९ झाले नाहीत?

---

तांब्याची_तार

होणार नाहीत, कारण ट्रान्सफॉर्मर तुमच्या गरजेपेक्षा मोठा आहे, तो एवढ्या लोडला फारसा वाकत नाही. लोकांना वाटतं मोठा घेतला की सगळं चांगलंच, करंटच्या बाबतीत ते खरं, पण व्होल्ट वरच राहतात. ५ अँपिअरचा आणला असतात तर तो आणखी कमी वाकला असता.

तर आता हिशोब. ७८०५ ही ५ व्होल्ट करते आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णता करून टाकते. ९ एसीवर तिच्याकडे ११ व्होल्ट डीसी आले आणि अर्धा अँपिअर वाहिला तर ३ वॅट तापेल, १२ एसी लावलं असतं तर १५ च्या वर डीसी जाऊन ५ वॅट, त्या छोट्या पत्र्याला ते झेपत नाही. तुमच्या १०.४ वर ती साधारण ४ वॅटवर जाईल, चालेल पण उन्हाळ्यात मांडवात नको. आणि तो १६ व्होल्टचा कपॅसिटर माझ्या मनात खटकतोय. तुमच्याकडे पहाटे लाईन किती होते? काकड्याच्या वेळी गावातला लोड नसतो, २५० होत असेल तर रिकामे ११.२ येतील, शिखर १५.८, एका डायोडचं वजा केलं तरी १५ च्या वर. फुटणार नाही पण सात दिवस तसं चालवू नये.

उपाय स्वस्त आहे. १एन५४०८ नावाचे दोन डायोड घ्या, ३ अँपिअरचे असतात, दोन्ही एकमेकांना समांतर पण उलटसुलट जोडा, एकाची पट्टी इकडे दुसऱ्याची तिकडे, आणि ही जोडी पिवळ्या वायरच्या मध्ये टाका. वरच्या लाटेला एक डायोड, खालच्याला दुसरा, दोन्ही बाजूंनी साधारण ०.८ व्होल्ट कमी होतात आणि करंट कमीजास्त झाला तरी हा आकडा फारसा हलत नाही. रेझिस्टन्सपेक्षा हे इथे बरं ते यासाठीच. मीटर एकटा लावून फरक नीट दिसणार नाही, बल्ब लावूनच बघा.

दोन जोड्या लावायचा मोह करू नका. संध्याकाळी तुमची लाईन २२५ च्या खाली आली की मग ८ च्या आसपास जाल आणि आवाजात घरघर सुरू होईल. एकच जोडी.

---

मांडववाला_कराड

काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त मांडवाचं बोलतो कारण पंधरा वर्षं साउंडचं काम करतोय. घरातली लाईन आणि मांडवातली लाईन यात फार फरक. जनरेटरवर लोड कमी असला आणि कुणी नीट सेट केला नसला तर २६५ मी स्वतः मीटरवर बघितलंय. आणि थ्री फेजच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवर ३०० च्या पुढे जातं, तिथे दोन डायोडांनी काही होत नाही. लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला की आधी युनिट काढा, मीटर लावा, २५० च्या आत असेल तरच परत लावा. आमच्याकडे हे काम एका माणसाला नेमून दिलेलं असतं, दुसरं काही करायचं नाही त्याने.

आणि ट्रान्सफॉर्मर असा उघडा टेबलावर ठेवू नका, सप्ताहात पोरं बायका सगळे फिरत असतात. पत्र्याच्या डब्यात स्क्रूने बसवा, वायर जिथून आत जाते तिथे रबराचा ग्रोमेट घाला आणि आत गाठ मारा म्हणजे ओढली तरी जोड सुटत नाही. तीन पिनची वायर, हिरवी डब्याच्या पत्र्याला स्क्रूखाली पक्की. फेजमध्ये २५० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज, साधा घातला तर चालू करताना ट्रान्सफॉर्मर जो झटका ओढतो त्यानेच कधीकधी उडतो. आउटपुटला २ अँपिअरचा वेगळा. दोन फ्यूज होल्डरचा खर्च वाचवू नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (ज्यात लाईट आधी बल्बमधून जाते) करा, गावातल्या वायरमनकडे असतो, ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब त्यात. चालू करताना बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला की ठीक, पूर्ण पेटून राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे.

---

वाईकर_माळकरी

मंडळी, आज तिसरा दिवस सप्ताहाचा, आता वेळ मिळाला लिहायला.

वायरमन दादांनी स्वतः डबा बनवून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाले मंडळाचं काम आहे. सिरीज बोर्डवर बल्ब लकाकला आणि मंद झाला. युनिट चालू झालं! डिस्प्ले, आवाज, सगळं नीट. मी खरंच हात जोडले तिथेच.

डायोडची एक जोडी टाकलीय. युनिट लावलेलं असताना संध्याकाळी हरिपाठाला लाईन २२४, युनिटला ८.९. पहाटे काकड्याला लाईन २४९, युनिटला १०.०. युनिटचा पत्रा कोमट, हात आरामात ठेवता येतो. जनरेटर काल एकदा लागला, ज्या पोराने ठोकळा जाळला होता त्यालाच मीटर देऊन बसवलाय, त्याने २५८ बघून युनिट लावू दिलं नाही, जनरेटरवाल्याला हाक मारून २३५ करून घेतलं आणि मगच लावलं.

एक गोष्ट झाली, पहिल्या दिवशी डबा मिक्सरवर ठेवला होता तर एकसारखी घूं ऐकू यायची, मला वाटलं डायोडमुळे आहे.

---

तांब्याची_तार

डायोड नाही, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र माईकच्या वायरीत नाहीतर मिक्सरमध्ये शिरतंय. दोन-तीन फूट लांब ठेवा, आणि माईकच्या वायरी त्याच्या शेजारून नेऊ नका, न्यायच्याच असतील तर काटकोनात आडव्या न्या. दोन्ही आकडे छान आहेत, काही बदलू नका.

---

वाईकर_माळकरी

टेबलाखाली फळीवर ठेवला, माईकच्या वायरी पलीकडून फिरवल्या. घूं गेली.